अण्णांच्या शेळ्या आणि नवं सॉफ्टवेअर

ज्या घरात कॉम्प्युटर एक आणि त्याच्यापुढं बसणारी डोकी चार, तिथं किस्से आपोआप साठतात. आमच्या माकणीच्या घरात तर ते शेळ्यांच्या करडांसारखे वाढतात. एक सांगायला घ्यावा, तर मागनं दोन येतात.

आधी माणसं सांगते. अण्णा म्हणजे माझे सासरे, जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. गावातल्या आणि आसपासच्या शेळ्यांची वंशावळ ते घरच्या कॉम्प्युटरवर ठेवतात. कुठल्या शेळीची आई कोण, बोकड कुणाचा, करडं किती झाली, सगळं. मैनाआत्या नात्यानं आत्या नाही, गावानं आत्या. तिचं सगळं घर शेळ्यांवर चालतं. उमरग्याचे शिवप्पा भुसार दुकानदार, घरात कन्नड बोलतात, पण शेतावर शेळ्यांचा गोठा आहे. आणि चौथी मी, लोहाऱ्याला ऑफिसात नोकरी करणारी सून.

*

अण्णांचं तक्ते करायचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की ते बनवणाऱ्या कंपनीनंच त्याला कधीचं सोडून दिलं होतं. एकदा कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला आणि ते सॉफ्टवेअर रुसलं. फाइल उघडायची, वाचता यायची, पण एक अक्षर लिहू द्यायचं नाही.

कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, नवीन घ्या, दरवर्षी भाडं भरायचं. भाडं थांबलं तर काय, असं अण्णांनी विचारलं. तर पुन्हा हेच, लिहिणं बंद.

अण्णा शांतपणे म्हणाले, "शेळी माझी, दावं तुमचं. मग शेळी कुणाची?"

आम्ही घरी आलो.

*

मी ऑफिसात वापरते ते इंटरनेटवर चालणारं सॉफ्टवेअर त्यांना दाखवलं. अण्णांना आवडलंही. मैनाआत्या शेजारी बसून तिच्या व्यालेल्या शेळ्यांची नावं सांगत होती, अण्णा टाइप करत होते. तेवढ्यात रेंज गेली. आमच्याकडं ती जातेच. पान तसंच गोठलं आणि वरती इंग्रजीत काहीतरी आलं.

काय झालं, म्हणून आत्यानं विचारलं. मी सांगितलं, फाइल इथं नसते, लांब कुठंतरी असते, रेंज आली की परत दिसेल.

आत्या उठत म्हणाली, "आपली जनावरं आन् दुसऱ्याच्या गोठ्यात व्हय? मग म्या रेंज आल्यावर येते."

अण्णांनी त्याच दिवशी ते बाद केलं.

*

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, एक मोफत सॉफ्टवेअर आहे, रेंज नसली तरी चालतं, जुन्या फाइलीही उघडतं. मोफत म्हटल्यावर अण्णांच्या कपाळाला आठ्या. बोकड विकत घेताना दात, चाल, आईची कास असं सगळं बघणारा माणूस. मला म्हणाले, हे बनवतंय कोण, ते वाचून दाखव.

मी वाचलं. जगभरातली माणसं मिळून बनवतात, कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं, मालक असा एक कुणी नाही.

अण्णांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग चेहरा खुलला. "म्हणजे गावाला सोडलेला वळू. घे, घे. चांगलंय."

*

ते आलं आणि जुनी फाइल उघडली, तर मराठीच्या जागी भलतंच. अण्णांचा जुना फॉन्ट जुन्या सॉफ्टवेअरबरोबरच आलेला, ते काढताना तोही पुसला गेला होता. मी फोटो काढून शिवप्पांना पाठवला, त्यांच्या दुकानात कॉम्प्युटरचा वापर जास्त. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अण्णा, लई बारकाईनं बघितलं. इंग्रजी न्हाय, कन्नड न्हाय, मराठी बी न्हाय. तुमच्या शेळीनंच टाइप केल्यावानी दिसतंय."

जुना फॉन्ट कुठून तरी मिळवून घातल्यावर अक्षरं दिसायला लागली. मला वाटलं, सुटलो. पण अण्णा म्हणाले, माझ्यामागं हा फॉन्ट कुणाकडं असेल? आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा आजच्या युनिकोड मराठीत त्यांनी अख्खी वंशावळ पहिल्यापासून टाइप करायला घेतली. एका बोटानं. मी मदत करते म्हटलं तर हसून नको म्हणाले. अख्खा उन्हाळा त्यात गेला.

*

त्या टायपिंगमध्येच एक गोष्ट उघड झाली. मधल्या काळात, फाइल बंद होती तेव्हा, आत्यानं शिवप्पांकडून एक बोकड घेतला होता. काळाभोर, देखणा, सगळ्या माकणीनं बघायला यावं असा. अण्णांनी त्याची आईबापं भरली आणि हात थांबला. त्याचा बाप तोच, जो आत्याच्या निम्म्या शेळ्यांचा बाप होता. पैदास केली असती तर कळप दुबळा झाला असता, आणि आत्याचं सगळं त्या कळपावर.

शिवप्पांना कसं सांगायचं, हा आम्हाला घोर. अण्णांनी फोन केला, नुसती नावं वाचून दाखवली. शिवप्पा दुसऱ्या दिवशी टेम्पोत दुसरा बोकड घालून स्वतः आले. वाद नाही, घासाघीस नाही. चहा पिऊन म्हणाले, "नात्यात नातं नको, अण्णा. आमी माणसांत बी बघतो की."

*

नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या सूचना मराठीत करता येतात, हे मला उशिरा कळलं. अण्णांचा त्यानं गोंधळ झाला, कारण त्यांना इंग्रजी शब्द जागेवरून पाठ. पण चौथी शिकलेली मैनाआत्या पुढं सरकली. 'पेस्ट'च्या जागी 'चिकटवा' वाचून कुणाला, म्हणून हसली, आणि माउस हातात घेतला तो घेतलाच. आता तिच्या शेळ्या तीच भरते.

परवा मी ऑफिसातून आले तर आत्या एकटीच कॉम्प्युटरपुढं. मला वाटलं, करडं झाली असतील. जवळ जाऊन बघितलं. तक्ता तोच, पण पहिल्या घरात मैना लिहिलेलं. आईच्या घरात सोनाबाई. आजीच्या घरात धोंडाबाई. त्याच्यापुढचं घर रिकामं.

अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. आत्यानं वळून विचारलं, "अण्णा, आजीची आई ठाव नसंल तर काय लिव्हायचं?"

अण्णा म्हणाले, "मोकळं ठेव. शेळ्यांचं आपण मोकळंच ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आत्या कळंबला तिच्या म्हाताऱ्या मावशीकडं गेली. शेळ्या त्या दिवशी अण्णांनी चारल्या. दिवस मावळायच्या आत परत आली, पाणी देऊ केलं तर हातानंच थांब म्हणाली, सरळ कॉम्प्युटरपुढं खुर्चीवर बसली आणि त्या रिकाम्या घरात एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

गिरजा.