जावयाचा पाचवा पॉइंट

आमच्या घरात रग्बीतलं सगळ्यात जास्त मला कळतं. (त्या शनिवारपर्यंत तरी तसं होतं.)

याला कारण आमचा जावई रेमी. अस्सल फ्रेंच! तिकडे पंधरा जणांच्या रग्बीत नाव काढलं आणि मग आमच्या मुक्ताशी लग्न करून टेक्सासला आला. मी जन्मभर क्रिकेट पाहिलेला माणूस, पण जावयासाठी साठीत नियमांचं अख्खं पुस्तक पाठ केलं! इथे आमच्या प्लेनो गावातल्या प्रत्येक पॉटलक जेवणात लोकांना धरधरून ते ऐकवलंही. पुढेपुढे लोक माझी गाडी पाहून पार्किंगमधूनच परत जायला लागले.

मग रेमीने खेळ बदलला. पंधरा जणांची रग्बी सोडून तेरा जणांची धरली. नियम वेगळे, पॉइंट वेगळे. हे त्याने मला फोनवर दोनदा सांगितलं म्हणे.

"म्हणे काय?" आमची ही म्हणते. "फोन स्पीकरवर होता. तुम्ही त्यालाच नियम शिकवत होतात!"

शनिवारी त्याची ट्रायल मॅच होती. चांगला खेळला तर टीममध्ये जागा, नाहीतर चौतिसाव्या वर्षी करिअर संपलं. मी आठ कुटुंबं गोळा करून नेली.

टीम उतरली. मी मोजले. तेराच!

"दोघं कुठे गेले?"

"ट्रॅफिकमध्ये अडकले असतील ना भाऊ," नागपूरचे बोकारे म्हणाले.

समोरच्यांचेही दोन कमी होते, म्हणून मी मोठ्या मनाने विषय सोडला. मग रेमी पडला आणि बॉल घट्ट धरूनच उठला. "सोड! पडलास की बॉल सोडायचा! शिट्टी वाजेल!" मी ओरडलो. शिट्टी वाजलीच नाही. रेफ्री नवशिका असावा.

आणि मग रेमी सुटला! दोघं अंगाला लोंबकळत असताना त्यांच्यासकट पळाला आणि रेषेपलीकडे बॉल टेकवला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो! स्कोअरच्या फळ्यावर पाहतो तर पॉइंट चार.

"चार? पाच मिळतात! एक खाल्ला!"

"बाबा, सिट डाउन! प्लीज!" मुक्ता.

"सिट डाउन काय? धोंड्याच्या महिन्यात या जावयाला मी तेहतीस अनारसे मोजून दिलेत. बत्तीस नाही, तेहतीस! आणि हे लोक भर मैदानात त्याचा पॉइंट खातात?"

मी कठडा ओलांडून थेट रेफ्रीपाशी. आता मात्र शिट्टी वाजली. मॅच थांबली. लालबुंद झालेला कोच ओरडला, "हू इज धिस मॅन?"

आठही कुटुंबं आपापले बूट न्याहाळू लागली. आमची ही तर थंड पेयांच्या कूलरमध्ये डोकं घालून बर्फ शोधत होती. रेमीही गप्प बसला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पोराचं सगळं त्या कोचच्या हातात होतं.

त्याने हात वर केला. "माय फादर-इन-लॉ," म्हणाला, ताठ मानेने. मग माझ्या खांद्यावर चिखलाचा हात ठेवून मराठीत, "बाबा, इथे चारच. बसा ना."

मी बसलो. (तिथेच, मैदानात. दोघांनी धरून बाहेर नेलं.)

रेमीने नंतर आणखी दोनदा बॉल टेकवला आणि टीमने त्याला घेतलं! आता प्रत्येक मॅचला माझी खास राखीव खुर्ची असते, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगतो. ती मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, ढोल बडवणाऱ्या समर्थकांच्या मागे का असते, ते मात्र कोणी विचारू नये.