हमदानच्या डोक्यात काय चाललं होतं

निरगुडसरच्या अंगणवाडीत कुशाबाई मदतनीस. काम म्हणाल तर झाडायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची आणि पोरं घरोघरून गोळा करून आणायची. पण बाईला एक खोड होती. पोरांच्या डोक्यात काय चालतं हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. चौथी शिकलेली बाई, बावीस वर्षं शेंबडं पुसत आलेली. तरी एखादं पोर कुठंतरी एकटक बघत बसलं, की हिच्या हातातला झाडू जागच्या जागी थांबायचा. सेविका वृषालीताई आतून ओरडायच्या, "मावशी, खिचडी करपली!" तेव्हा कुठं ही भानावर यायची.

तिचे खेळ तिनेच काढलेले. वजनाला तान्ही पोरं आली, की ती दोन वाट्या पालथ्या घालायची आणि एकीखाली लिंबू ठेवायची. सहा महिन्यांच्या पोराला लिंबू झाकलं की लिंबू संपलंच. ते खुशाल दुसरीकडं बघायचं. दहा महिन्यांचं पोर वाटी उचलायचं. पण मजा पुढं. तीनदा उजव्या वाटीखाली ठेवून चौथ्यांदा त्याच्या डोळ्यांदेखत डावीखाली ठेवलं, तरी गडी आपला उजवीच उचलायचा! "बघितलं तर डोळ्यानं," कुशाबाई म्हणायची, "पण हात अजून मघाचंच धरून बसलाय." वर्ष-दीड वर्षाचं झालं की पोर फसत नसे.

मोठ्या पोरांना दुसरा खेळ. बिस्किटाच्या डब्यात चिंचोके भरायचे. "आत काय?" पोर म्हणायचं बिस्किट. उघडून दाखवायचं, परत झाकण लावायचं आणि विचारायचं, "आता तुझी आई आली, तिनं डबा बघितला, तर ती काय म्हणंल आत काय हाय?" तीन वर्षांचं पोर ठासून सांगायचं, "चिंचोकं!" आईनं आत बघितलंच नाही, हे त्याच्या गावीही नाही. साडेचार वर्षांचं मात्र तोंडावर हात ठेवून हसायचं, "बिस्किट म्हणंल! फसंल!"

"तिसऱ्या वर्षाला वाटतं, मला ठावं ते समद्या जगाला ठावं," असा कुशाबाईचा निकाल. "काही बाप्ये तर साठीला पोचले तरी तिथंच ऱ्हातात." हे सांगताना ती कुणाकडं बघायची ते आपण नको बोलायला.

तर या अंगणवाडीत हमदान आला. इस्माईल नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटचा धंदा करायचा, त्याचा हा थोरला. वय साडेतीन, आणि तोंडातून एक शब्द नाही. हाक मारली तर मनात आलं तर बघायचा, नाहीतर नाही. आई सायराबानू म्हणायची लाडावलाय. बाप म्हणायचा हट्टी आहे, आणि एखादी ठेवून द्यायचा. शेजारीपाजारी काय म्हणायचे ते सायराबानूच्या कानावर यायचंच. एके दिवशी ती दारातच रडायला लागली. "मावशी, हे म्हणतात तपासणीला डॉक्टर येतील तवा विचारू. पोरगं मंद निघालं तर घरीच बसवायचं. लोकांना हसू द्यायचं न्हाई. बाप हाय, ऐकणार न्हाई कुणाचं. तुमीच सांगा, माझ्या पोराला डोकं हाय का न्हाई?"

"हाय," कुशाबाई म्हणाली. उगा समजूत घालायची म्हणून नव्हे. आदल्याच दिवशी एक गोष्ट घडली होती. तिनं वाटीखाली लिंबू ठेवलं आणि चुलीवरचं बघायला वळली. परत आली, वाटी उचलली, तर खाली काही नाही. समोर हमदान गप्प बसलेला, डोळे मात्र लुकलुकताहेत. कुशाबाईनं दुसरी वाटी उचलली, खाली लिंबू! पोरगं हसून हसून आडवं झालं.

अहो, साधी गोष्ट आहे का ही? म्हणजे पोराला ठाऊक होतं, की मावशीनं बघितलं नाही, मावशी जुन्याच जागी शोधणार. जे बाकीच्यांना साडेचार वर्षांनी कळतं, ते ह्यानं एका शब्दाशिवाय करून दाखवलं होतं. फसवायला डोकं लागतं, राव. आणि कुशाबाईला तेव्हापासून एकाच विचारानं धरलं होतं. आपण मनातल्या मनात बोलतो, तेव्हा विचार करतो. ह्याच्याजवळ बोलच नाहीत, मग हा विचार करतो कशानं?

तपासणीचा दिवस उगवला. डॉक्टर भले होते, पण पुढं अजून चार अंगणवाड्या होत्या. चित्रं दाखवली, नावं विचारली, हमदान ढिम्म. इस्माईल भिंतीला टेकून उभा, तोंड उतरलेलं. कुशाबाईला राहवेना. "थांबा साहेब, ह्याचा खेळ बघा," म्हणत तिनं वाट्या मांडल्या. हमदाननं लागोपाठ चारदा लिंबू काढलं.

"तुमच्या हाताकडं बघून काढतोय, मावशी," डॉक्टर हसून म्हणाले.

झालं, बाईला चेव आला. तिनं पदरानं पोराचे डोळे झाकले. लिंबाची वाटी फरशीवर ठण् ठण् वाजवली. कुठली वाजली, एवढंच ओळखायचं. मोठी पोरं हे हसत हसत करायची. पदर काढला. हमदाननं भलतीच वाटी उचलली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्यानं वाट्यांना हातच लावला नाही, नुसता कुशाबाईच्या तोंडाकडं बघत राहिला.

इस्माईलनं पोराला उचललं. "बास, मावशी. आजून किती शोभा करता?" डॉक्टरांनी कागदावर पुढच्या तपासणीचं लिहिलं, पण तो कागद घ्यायलाही तो थांबला नाही.

कुशाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी सांगितला होता शहाणपणा? चांगलं जिंकलेलं पोर आपणच हरवलं. दुपारी लसूण सोलत बसली, पण मन पुन्हा त्याच वाट्यांपाशी जायचं. इतक्या हुशार पोराला एवढं सोपं का जमू नये? सोपं होतं, म्हणून तर तिनं ती युक्ती निवडली होती. लसूण तसाच टाकून ती इस्माईलच्या घराकडं निघाली.

घर रस्त्याला लागून. ओट्यावर हमदान रस्त्याकडं पाठ करून बसला होता, पुढ्यात बाटल्यांची बुचं, लहानामागं मोठं असं ओळीनं लावणं चाललेलं. तेवढ्यात पारगावच्या कारखान्याकडं जाणारा उसाचा ट्रॅक्टर आला. वर हा मोठा कर्णा, गाणं असं दणदणीत की बोललेलं ऐकू येईना. गल्लीतली पोरं घराघरांतून पळत सुटली. कुत्री भुंकली. हमदान बुचं लावत होता. अंगणवाडीतही तो ट्रॅक्टर बघायला पळायचा. पण कायम सगळ्यांच्या मागून, दुसरी पोरं उठल्यावर. ट्रॅक्टर अगदी ओट्याजवळ आला, खालची फरशी थरथरली, आणि मग हमदाननं वळून बघितलं.

कुशाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती दारातूनच ओरडली, "इस्माईलभाऊ! सायरा! आरं, पोराचं डोकं जाग्यावर हाय! त्येला ऐकूच येत न्हाई!"

इस्माईल बाहेर आला. विश्वास बसेना. पोराच्या पाठीमागं उभा राहून त्यानं टाळी वाजवली. नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं. मग तो तिथंच ओट्यावर बसला. "मावशी," तो म्हणाला, "हाक मारल्यावर बघत न्हाई म्हणून मी ह्याला किती मारलंय." सायराबानूनं पोराला छातीशी धरलं, आणि हमदान आपला वळून वळून बुचांकडं बघत होता.

पुढं पुण्याला तपासणी झाली. अगदी मोठा आवाज थोडासा पोचत होता, बाकी काही नाही. कानाला मशीन बसलं. आठवड्यातून दोनदा सायराबानू त्याला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडं मंचरला न्यायची. पहिला शब्द यायलाच सात महिने गेले. मग आले ते एकामागून एक, मोडकेतोडके, पण आले. इस्माईल बाजारातनं फोन करून नुसतं त्याचं बोलणं ऐकत राहायचा.

कुशाबाई मात्र वाट बघत होती. तिचा प्रश्न अजून तसाच होता. जगात ज्याला उत्तर ठाऊक असेल असा एकच माणूस, आणि तो मराठी शाळेत पहिलीला जात होता. तिनं घाई केली नाही. पोराला नीट सांगता येऊ दे, म्हणून तीन वर्षं कळ काढली.

एका दुपारी शाळा सुटल्यावर हमदान अंगणवाडीत डोकावला. तिनं त्याला समोर बसवलं, हळू, ओठ दिसतील असं विचारलं, "हमदान, तुला बोलता येत न्हवतं ना, तवा तुझ्या डोक्यात काय चालायचं रं?"

"कवा?"

"आरं, हितं यायचास. माझं लिंबू लपवलंस, मी फसले, किती हसलास तू!"

हमदाननं आठवून बघितलं. खरोखर बघितलं, कपाळाला आठ्या पडल्या, मशीन चाचपलं. मग मान हलवली. "मावशी, तवा मी न्हवतो."

"व्हतास की रं! हितंच बसायचास!"

"न्हाई," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "तवा मी न्हवतोच."

कुशाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं जपलेला प्रश्न, आणि उत्तर देणारा बोलायला शिकता शिकता सगळं मागं टाकून आला होता. त्या लबाड, मुक्या पोराला आता फक्त तीच ओळखत होती. हमदान तिच्या तोंडाकडं बघत होता. त्यानं हात पुढं करून तिचे डोळे पुसले आणि विचारलं, "मावशी, तू लहान व्हतीस, तवा तुझ्या डोक्यात काय व्हतं?"

तिनं सांगायला तोंड उघडलं, आणि तिला काहीच आठवेना.