दर्यातली हद्द

औशाचे सोनटक्के गुरुजी नसते, तर आज मी वडिलांसारखाच सरकीची पोती उचलत असतो आणि हे प्रवासवर्णन तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी लिहून दाखवले असते. आमच्या घरात अंगठा न उठवता सही करणारा पहिला माणूस मी. सातवीनंतर वडील मला कामावर नेणार होते. गुरुजींनी त्यांना शाळेच्या ओट्यावर बसवले आणि सांगितले, "हा पोरगा मला द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत परत करीन." त्यांनी मला परत केले ते थेट बी. ए. करून. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मला निळ्या काठाची एक धोतरजोडी दिली. ही जोडी वाचकांनी लक्षात ठेवावी.

गुरुजी भूगोल शिकवत. त्यातही 'राज्य आणि सीमा' हा त्यांचा जिवाचा धडा. राज्याला भूमी लागते, लोक लागतात, शासन लागते, सत्ता लागते. आणि सीमा म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेली रेषा. 'मान्य' म्हणताना ते छडी टेबलावर आपटत. आमचे औसे तर जागचे न हलता तीन राज्यांत राहून आले होते. आधी निजामाचे हैदराबाद, मग द्विभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. गुरुजी म्हणत, "आपण एकाच ओट्यावर बसून तीन राज्ये पाहिली, पण सीमा एकही पाहिली नाही."

माघ महिन्यात त्यांचे मुंबईला पत्र आले. मी तेव्हा एका कचेरीत नुकताच कारकून झालो होतो. पत्रात होते : 'फाल्गुनात मी निवृत्त होतो. शेवटचा तास राज्य आणि सीमा. तीस वर्षे खडूने सीमा काढल्या, खरी एकही पाहिली नाही. तू समुद्राच्या बाजूला आहेस. एक सीमा बघून ये आणि ती दिसते कशी, ते मला लिही. मुलांना वाचून दाखवीन.'

गुरुजींनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी चार दिवसांची रजा काढली, पिशवीत होकायंत्र, नकाशा आणि वही घातली, गुरुजींच्या जोडीतले एक धोतर नेसलो, दुसरे पिशवीत टाकले आणि उत्तरेकडच्या गाडीत बसलो.

नकाशावर गुजरातची सीमा डहाणूच्या पुढे ठळक काढलेली होती. पालघरला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा उतरून चहा घेतला आणि हॉटेलवाल्याला विचारले, "सीमा इथून किती लांब?"

"कुठली पायजेल?" त्याने बशी पुसत विचारले. "तालुक्याची, राज्याची, का आमच्या भावाभावांची? ती तर या भिंतीपलीकडं हाय."

भिंतीपलीकडे दुसरे हॉटेल होते. तिथला चहाही मी राज्यशास्त्राच्या दृष्टीने पिऊन पाहिला. चव एकच होती.

बोईसरला उतरलो. तिथे आमच्या औशाचा दिगंबर राहत होता. तारापूरला अणुवीज केंद्र उभे राहत होते, त्या कामावर तो फिटर होता. स्टेशनाबाहेर भाताची खाचरे, ताडाची झाडे आणि मधून धूळ उडवत जाणारे खडीचे ट्रक. दिगंबरच्या भाड्याच्या खोलीत चौघे होते : दिगंबर, एक पंजाबी, एक बंगाली आणि एक मल्याळी. खोली त्यांनी ट्रंका मांडून चार प्रांतांत विभागली होती. बंगाल्याला दारापर्यंत जायला पंजाबातून वाट दिलेली होती. स्टोव्ह मधोमध, कुणाच्याच हद्दीत नाही; आणि बहुधा म्हणूनच तो कुणीच घासत नव्हते.

मी आनंदाने वही काढली. दिगंबर म्हणाला, "अरे, हे काय लिहितोस? गुरुजींना स्टोव्ह कळवणार?"

"मग गुजरातच्या सीमेवर जातो."

"मी गेलोय. इकडंही चिक्कूची वाडी, तिकडंही चिक्कूची वाडी. एक दगड आहे, त्यावर म्हैस अंग घासत होती. त्यापेक्षा आमच्या जनाबाईबरोबर जा. तिच्या भावानं म्हणे समुद्रात हद्द राखलीय."

जनाबाई कोळीण बोईसरच्या बाजारात मासळी विकायला येई. पाटी रिकामी करून ती निघालीच होती. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "समुंदर बघितलाय का कदी?"

"नाही," मी म्हणालो. मुंबईत येऊनही खोली आणि कचेरी यांपलीकडे गेलो नव्हतो.

"मंग आदी तो बघ. हद्द नंतर दावतो माजा भाऊस."

एसटीने काही अंतर आणि पुढे पायी असे आम्ही मुरब्याच्या बाजूच्या किनाऱ्यावर पोहोचलो. तिथे शेजारी शेजारी दोन कोळीवाडे आहेत. त्यांची नावे मी सांगणार नाही. मला पुन्हा तिकडे जायचे आहे. जनाबाईचा तो उत्तरेचा वाडा, दुसरा तो दक्षिणेचा.

समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि माझ्या तोंडून निघाले, "एवढा मोठा?" जनाबाई म्हणाली, "आरदाच हाय. उरलेला भरतीला येल."

तिचा भाऊ पांडू तांडेल (होडीचा प्रमुख) साठीचा, उन्हाने काळवंडलेला. माझे काम ऐकून त्याने नकाशा मागितला, उलटा धरून पाहिला आणि विचारले, "ही तुटक तुटक रेष काय?"

"ही सीमा."

"दर्यात अशी काडून दावा बघू, मास्तर."

मी मास्तर नाही असे सांगितले, पण तिथे चष्मा लावणारा प्रत्येक जण मास्तरच होता.

दुपारी त्याने मला होडीत घेतले. किनाऱ्यापासून बरेच आत गेल्यावर माझी मान धरून जमिनीकडे वळवली. "तो काळदुर्ग. त्याचा चौकोनी माथा दिसतो? आता खाली रेतीच्या टेकाडावर बांबू बघ, त्याला निशाण हाय. माथा नि निशाण एकावर एक आलं, की समज आपून हद्दीवर. उजवीकडचं पाणी त्यांचं, डावीकडचं आमचं. माज्या आज्यापासून हाय."

मी पाहिले. डोंगराचा माथा, त्याच्या बरोबर खाली एक मळकट फडके. समुद्रात एक रेघही नव्हती, तरी होडी त्या नसलेल्या रेषेवर येऊन उभी राहिली होती. दरवर्षी नारळी पौर्णिमेला दोन्ही वाडे मिळून ते निशाण नवे बांधतात, असे तांडेलाने सांगितले. आता माघात ते ऊन आणि खारे वारे खाऊन रेतीच्याच रंगाचे झाले होते.

"ओळखू येतं का तुम्हाला इतक्या लांबून?"

"मला?" पांडू तांडेल हसला. "चालीस वरसं तांडेल हाय. पांडरं झळकलं, की नांगर टाकला. डोले मिटून दावीन."

तेवढ्यात एक लाट होडीत आली आणि गुरुजींच्या जोडीतले पहिले धोतर कमरेपर्यंत भिजले.

रात्रीच्या जेवणात तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील आणि लालभडक कालवण होते. बोंबलाला काटा असतो, हे मला घशात कळले. मी खोकलो, ताटली कलंडली आणि कालवण जोडीतल्या दुसऱ्या धोतरावर गेले. जनाबाई म्हणाली, "आमच्या म्हावऱ्याला (मासळीला) तुजी वलख पटली नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पांडू तांडेल जाळी टाकायला गेला, तेव्हा मी त्याचा लाल चौकडीचा रुमाल कमरेला गुंडाळून दोन्ही धोतरे धुतली. जनाबाई म्हणाली, "मागच्या अंगणात टाक." पण मागे सावली होती. समोर किनाऱ्यावर बोंबील वाळवायचे बांबूचे उंच मांडव होते आणि त्यांवर छान ऊन होते. एका मांडवाचे वरचे टोक मोकळे पाहून मी दोन्ही धोतरे तिथे पसरली आणि समाधानाने झोपलो.

जाग आली ती आरडाओरड्याने. सूर्य अजून बराच वर होता. दक्षिणेच्या वाड्याचे पंधरा-वीस जण किनाऱ्यावर उभे होते. पुढे त्यांचा काशिनाथ तांडेल, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा.

"पांडू, तुजी जाली आमच्या पाण्यात काय करतात रं? हवा खायाला आलीत का?"

"तुज्या पाण्यात नाय. मी वलीवर (ओळीवर) टाकलीत."

"कुटल्या वलीवर? तुज्या सासऱ्याच्या?"

दोन्हीकडची माणसे हसली, पण ते हसणे लगेच विरले. जनाबाईने माझ्या कानात सांगितले की दोन्ही वाड्यांचा जुना रिवाज आहे : जो तांडेल जाणूनबुजून ओळ ओलांडील, त्याने तांडेलकी सोडायची. पुढे कुणाच्याही होडीवर त्याने साधा खलाशी म्हणून जायचे. पांडू तांडेल मात्र छातीवर हात ठेवून तेच तेच सांगत होता, "निशाण बघून टाकलं. पांडरंशिपत दिसलं. माज्या डोल्यांनी बघितलं."

"पांडरं?" काशिनाथ टेकाडाकडे बोट दाखवून म्हणाला. "त्या फडक्याला पांडरं बोलतोस? तुजी नजर गेली, नायतर नियत गेली. दोनातलं एक बोल."

पांडू तांडेलाने टेकाडाकडे पाहिले. मळकट फडके होते तिथेच होते. त्याचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत कुणी विचारले नसेल ते त्याने स्वतःला विचारलेले दिसले. हळूच म्हणाला, "नजरच गेली असंल."

तेव्हा माझी मान आपोआप मांडवाकडे वळली. टेकाडाच्या दक्षिणेला सुमारे पावणेदोनशे पावलांवर, उतरत्या उन्हात, गुरुजींची धोतरजोडी अशी झळकत होती की थेट काळदुर्गावरूनही दिसावी. त्या किनाऱ्यावर कुणी कधी पांढरे वाळत घालत नाही. लुगडी रंगीत, रुमाल चौकडीचे. ही गोष्ट तिथे लहान मुलालाही माहीत असते, म्हणूनच ती मला कुणी सांगितली नव्हती.

पळून जावे असे वाटले. एसटी लांब होती आणि अंगावर पांडू तांडेलाचाच रुमाल होता. मग वाटले, गुरुजींना मी कुठल्या तोंडाने लिहिणार? पुढे होऊन म्हणालो, "त्यांची नजर चांगली आहे. सीमा मी हलवली."

मी मांडवाकडे बोट केले. काशिनाथ तांडेलाने एकदा धोतराकडे पाहिले, एकदा काळदुर्गाकडे, एकदा माझ्या रुमालाकडे.

"शिकलेला हायस ना तू?"

"बी. ए. आहे. भूगोल घेऊन."

त्याचे पोट आधी हलले, मग आवाज आला, आणि मग दोन्ही वाडे रेतीत बसून हसले. एक म्हातारी तर डोळे पुसत म्हणाली, "ह्याच्या धोतरानं आमचं पाणी नेलं गो बाय!" एकटा पांडू तांडेल हसला नाही. तो माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नजर शाबूत हाय ना रं माजी?"

"एकदम शाबूत. धोतरसुद्धा बरोबर ओळीत धरलं होतंत."

"धरलं व्हतं," तो म्हणाला, आणि मगच हसला.

निवाडा काशिनाथ तांडेलाने दिला. त्या जाळ्यांतली मासळी दक्षिणेची. जुने निशाण दिसत नाही हा दोष दोन्ही वाड्यांचा, म्हणून नवे आजच बांधायचे. आणि ज्याने सीमा हलवली त्याच्याच कापडाचे बांधायचे. "दोन हायत ना? एक आमी बांदतो, एक ते बांदतील. गाठ एकच."

माझे मत कुणी विचारले नाही. दोघा तांडेलांनी टेकाडावर जाऊन बांबू उतरवला, दोन्ही धोतरांची टोके एकमेकांत घातली आणि चार हातांनी एक गाठ मारली. तेवढ्यातही "ढिली मारतोस", "तुजंच बोट मदी येतंय" हे चालूच होते. बांबू उभा राहिला. वाऱ्यावर निळा काठ दिसला.

दुसऱ्या दिवशी मी लाल चौकडीच्या रुमालात बोईसरला आलो. एसटीतल्या कंडक्टरने मला कोळी समजून मासळीचा भाव विचारला; मी तो सांगितलाही. खोलीत पंजाबी बंगालच्या हद्दीत लोळून हसला. मल्याळ्याने ट्रंकेतून एक लुंगी काढून दिली. ती नेसून मी मुंबईला परतलो. गाडीत एका गृहस्थाने, "केरळात कुठले?" असे विचारले. चार दिवसांत मी एकही राज्य ओलांडले नव्हते, पण माझ्या कमरेने दोन ओलांडली होती.

त्या रात्री गुरुजींना पत्र लिहिले. तीन वेळा फाडले. चौथे टाकले, ते असे :

'ती. गुरुजींस साष्टांग नमस्कार.

आपल्या आज्ञेप्रमाणे सीमा पाहिली. ती समुद्रात आहे, पण दिसते जमिनीवर. काळदुर्गाचा माथा आणि त्याखालचे निशाण एका ओळीत आले की सीमा आली असे समजतात. तिथे पहारा नाही, कुंपण नाही. दोन वाडे एकमेकांना शिव्या देतात आणि ती पाळतात. आपण छडी आपटून जो शब्द सांगत होता, तो मी तिथे बांबूवर चढताना पाहिला.

ती दिसते कशी, असे आपण विचारले होते. ती पांढरी आहे, दुहेरी आहे, तिला बारीक निळा काठ आहे, आणि मी बी. ए. झालो त्या दिवशी ती आपण मला दिली होती. नारळी पौर्णिमेपर्यंत ती दोन्ही बाजूंना मान्य आहे.

वर्गात वाचताना माझ्या धोतराचा भाग गाळलात तरी चालेल. पण गुरुजी, तो गाळलात तर सीमा उरत नाही.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी (सध्या लुंगीत).'