शेवट आधीच सांगणारे भावजी

नवा ट्रेलर आला की आमच्या भावजींचा तळहात काउंटरवर आपटतो आणि काचेखालच्या सगळ्या फ्रेमा जागच्या हलतात. मग त्या सरळ करत बसायचं काम माझं. भावजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि गेली कित्येक वर्षं मी तिथे काउंटर सांभाळते. ऑर्डर घेणं, पावत्या करणं, गिऱ्हाइकाला "शोभतोय हो तुम्हाला" म्हणणं, हे माझ्याकडे. भिंगं घासणं, बसवणं आणि सिनेमाचं वेड, हे त्यांच्याकडे.

वेड म्हणजे साधंसुधं नाही. जवळचा चष्मा तयार झाला की दुसरे दुकानदार बारीक अक्षरांचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात देतात. तसा कागद आमच्याकडेही आहे, ड्रॉवरमध्ये धूळ खात. भावजी गिऱ्हाइकाच्या हातात स्वतःचा फोन देतात आणि ताज्यातला ताजा ट्रेलर लावतात. "शेवटी नावं येतात ना, ती वाचा. संगीत कुणाचं आहे?" नाव वाचता आलं की चष्मा पास. नाही आलं तर भिंगं पुन्हा तपासायची आणि ट्रेलर पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही वेळा सगळ्यात जास्त खूश कोण असतं, ते वेगळं सांगायला नको.

इतकंच असतं तर मी काही बोलले नसते. पण ह्या माणसाला ट्रेलरवरून अख्खा सिनेमा ओळखता येतो. "हा मित्र आहे ना, हाच खुनी. बघ, सगळे रडताहेत आणि हा घड्याळ बघतोय." "ही आजी मध्यंतरानंतर जाणार. नाहीतर तिला एवढं गोड कशाला दाखवतील?" आणि मेलं ते खरं निघतं! बरं, ओळखलं तर ओळखलं, मनात ठेवावं. ते नाही. पहिल्याच दिवशी थिएटर गाठायचं आणि अंधारात शेजारच्याच्या कानात "आता बघ, आता बघ" करत शेवट सांगून मोकळं व्हायचं. ताई त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब बसते. संसार टिकवायचा तर एवढं करावंच लागतं, म्हणते.

त्यामुळे शेजारची खुर्ची कायम माझ्या भाचीच्या वाट्याला यायची. लहान असताना एकदा ती सिनेमा अर्धवट टाकून भोकाड पसरत बाहेर आली होती, कारण हरवलेला कुत्रा काही परत येत नाही हे बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं. "मावशी, मी बाबांबरोबर सिनेमा बघत नाही गं, ऐकते," असं तिचं म्हणणं. आणि ह्याच पोरीनं मोठेपणी नोकरी कुठे धरावी? ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीत! लांबच्या मोठ्या शहरात. तिथे ती आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली होती. हे दृश्य शोधून दे, तो आवाज नीट कर, असली कामं.

त्या दिवशी मी दुकान उघडून काचा पुसत होते, तर तिचा फोन.

"मावशी, आज दुपारी एक ट्रेलर येतोय. तो मी कापलाय, म्हणजे दृश्यं निवडून जोडलाय. मी एकटीनं."

"अगं बाई! थांब, तुझ्या बाबांना देते—"

"नको! त्यांना कळता कामा नये. माझा आहे म्हटल्यावर ते नाचतीलच. त्यातून मला काय कळणार?"

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या साहेबांना शेवटाचा थोडा भाग दाखवायचा होता. इतकं झाकून ठेवलं तर लोक तिकीट काढायला येतील कशाला, असं ते म्हणत होते. हिनं हट्ट धरला की शेवट दिसणार नाही म्हणजे नाही. अखेर साहेब म्हणाले, कर तुझ्या मनासारखं, पण लोकांनी ढुंकून पाहिलं नाही तर पुन्हा हाताखालची कामं करायची.

"लोकांचं काय ते कळेल हळूहळू. पण बाबांनी गोष्ट ओळखली ना मावशी, तर मी काहीच झाकलेलं नाही. मग मी साहेबांशी भांडले तरी कशाला? तू फक्त त्यांच्याकडे बघ आणि मला खरं सांग. गोड बोलायचं नाही."

मला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. पण तेव्हापासून माझं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला मी दुसऱ्याचाच चष्मा बांधून देत होते, ते वेळेत भावजींच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "मेहुणीबाई, डोळे तपासून घ्या एकदा. घरचंच दुकान आहे."

दुपारी शिवणकाम करणाऱ्या काकू चष्मा न्यायला आल्या. त्यांना सुईत दोरा ओवता येईना म्हणून नवा नंबर काढला होता. भावजींनी फ्रेमचा शेवटचा स्क्रू आवळला, चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, कानामागे बोट फिरवून पाहिलं, आणि नेमकी तेव्हाच भावजींच्या फोनवर नव्या ट्रेलरची घंटी वाजली.

"आला! काकू, नशीब काढलंत. अगदी ताजा आहे. अजून कुणी बघितलाही नसेल."

मी हातातलं फडकं टाकलं आणि दोघांच्या मागे जाऊन उभी राहिले.

एक बाई जिना चढत होती. हातात पिंजरा, रिकामा. प्रत्येक मजल्यावर एक दार किलकिलं व्हायचं, कुणीतरी पिंजऱ्याकडे बघायचं आणि घाईनं दार लावून घ्यायचं. बाईला धाप लागलेली, डोळ्यांत पाणी. सगळ्यात वरच्या मजल्यावर तिनं दार वाजवलं. ते उघडलं. आत कोण आहे ते आपल्याला दिसेना, तिचाच चेहरा दिसत होता. आणि ती बाई हसली. अशी हसली की मलाही बरं वाटलं. मग अंधार, आणि नावं.

काउंटरवर तळहात आपटला. फ्रेमा हलल्या. "ओळखलं!" भावजी म्हणाले.

झालं! आता त्या पोरीला काय सांगू?

"सोपं आहे. तिचा पोपट उडाला. शेजाऱ्यांनी पिंजरा उघडला, म्हणून ते तोंड चुकवताहेत. वरच्याकडे पोपट सापडला." ते थांबले. "पण मग ते घाबरले कशाला? पोपटाला कोण एवढं घाबरतं?"

"पोपट नसेलच," काकू म्हणाल्या. "तिचा नवरा असेल वर. पळून गेलेला."

"पळून गेलेला नवरा दिसल्यावर बायको अशी हसेल?"

"मी हसले असते," काकू म्हणाल्या. "आधी हसले असते. लावा हो पुन्हा."

पुन्हा लावला. मग आवाज बंद करून लावला. भावजी फोन नाकाला चिकटवून बघत होते आणि दर वेळी नवी गोष्ट सुरू करून मध्येच अडकत होते. संगीत कुणाचं आहे हे काकूंनी घडाघडा वाचून दाखवलं, तर त्यांचं लक्षच नाही. शेवटी ते तसेच उठले आणि शेजारच्या सलूनमध्ये शिरले. त्यांच्यामागे नवा चष्मा लावून काकू. सलूनवाला म्हणाला, वर प्रेत आहे. ज्याची दाढी चालली होती तो अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून म्हणाला, छे, मूल आहे, हिचं हरवलेलं मूल. पलीकडचा औषधवाला दुकान उघडं टाकून आला. सगळे फुटपाथवर एका फोनवर डोकी घालून उभे, आणि प्रत्येकाला भावजी एकच विचारत होते, "मग ती हसली का? मला एवढंच सांगा, हसली का?"

त्यांचा चेहरा मी नीट बघितला. तसं तिनं बजावलंच होतं. इतक्या वर्षांत मी ह्या माणसाला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगते, मलाही राहवत नव्हतं. वर कोण होतं?

मी आत येऊन फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"नाही ओळखता आलं," मी म्हणाले. "दुकान सोडून रस्त्यावर गेलेत. सगळ्यांशी भांडताहेत."

"मावशी, खरं सांगतेस?"

उत्तर देईपर्यंत भावजी आत आलेच. "लेक आहे का? दे, दे इकडे!" फोन हिसकावलाच. "अगं, तो पिंजऱ्याचा ट्रेलर बघितलास? मला काही कळतच नाहीये! डोकं भणाणलंय नुसतं. सिनेमा लागायला अजून अवकाश आहे, तोवर मी करू काय? तुमच्यातल्याच कुणीतरी कापला असेल ना? कोण आहे तो शहाणा? मला भेटायचंय त्याला."

"बाबा, मी."

"मी काय?"

"मी कापलाय तो. तुम्हाला ओळखता येऊ नये म्हणून."

भावजींनी काउंटरवरचं भिंगं पुसायचं फडकं उचलून डोळ्यांना लावलं. अभिमानानं माणूस असा रडतो हे मी पहिल्यांदाच बघितलं, आणि माझेही डोळे भरून आले. पलीकडून ती भीतभीत म्हणाली, "बाबा? सांगू का, वर कोण आहे ते?"

"नको! खबरदार!" भावजी असे ओरडले की फोन हातातून सुटता सुटता राहिला. तो त्यांनी घाईघाईनं माझ्या हातात कोंबला आणि दाराकडे धावले.

फुटपाथवर काकू होत्या, फेसवाला होता, औषधवाला होता, आणि आता आणखी कोण कोण ओळख ना पाळख येऊन उभे होते. त्या सगळ्यांसमोर दोन्ही हात वर करून आमचे भावजी ओरडत होते, "मला गंडवलं! अहो, माझ्या पोरीनं मला गंडवलं!"

मी दारापर्यंत गेले आणि फोन बाहेर धरला, तिला नीट ऐकू जावं म्हणून.