पाखरांना मोजता येत नाही

चौकीदाराच्या पायाला चिखल लागतो, तसेच किस्सेही लागतात. किती धुतले तरी नखात राहतातच. मोहाडीकडच्या आमच्या तलावावर मी सत्तर-ऐंशीच्या सालांत चौकीदार होतो. शाळा कधी पाहिली नाही, पण तलाव रोज पाहिला. सरकारनं त्याचे वाटे केले होते. एक काठ पाखरांना, एक मासे धरणाऱ्यांना, एक सहलवाल्यांना. आणि तिघांची भांडणं माझ्या वाट्याला!

*

पाखरांच्या काठाची हद्द दाखवायला रेंजर साहेबांनी पाण्यात बांबू रोवले. ढिवर लोक जाळं टाकून पोट भरणारे. आता मोठा गोंधळ होणार म्हणून साहेब हातात काठी घेऊनच आले. पण लोकांनी मुकाट्यानं माना डोलावल्या. साहेबांनाच चैन पडेना. हे चिडले कसे नाहीत, असं मला विचारू लागले.

मी म्हटलं, "तिकडं ते असेही जात नाही जी. तुळशीराम तिथंच बुडला. अजून भेटला नाही."

साहेबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

*

तुळशीरामचा धाकटा भाऊ सोमाजी माझ्यासोबत रोजीवर होता. नाव हाकावी तर त्यानंच. पण त्यांच्या घरची रीत अशी की, बुडालेल्याला निरोप दिल्याशिवाय सख्ख्या भावाचं वल्हं त्या पाण्याला लागत नाही. म्हणून तो काठावर गवत कापायचा.

सहलवाल्यांसाठी नवी नाव आली, तेव्हा रेंजर साहेबांनी त्याला साफ सांगितलं. होळीपर्यंत नाव काढ, नाहीतर तुझ्या जागी दुसरा माणूस घेतो. घरी लहान लेकरं, दुसरी रोजी कुठं मिळणार?

मी म्हटलं, "काढ ना गा सोमाजी. किती दिवस वाट पाहशीन?"

"मी नाही पाहून राहिलो दादा," तो म्हणाला. "तो पाहून राहिला."

*

मग नागपूरहून पाखरांचा अभ्यास करणारे साहेब आले. आत लपून पाखरं पाहता यावी म्हणून त्यांनी पाखरांच्या काठावर बांबू-गवताचं खोपटं उभं केलं. त्यांची एक युक्ती होती. माणूस एकटा आत गेला, तर पाखरं जवळ उतरत नाहीत. म्हणून दोघांनी आत जायचं आणि एकानं बाहेर निघून जायचं. पाखरांना वाटतं, माणूस गेला.

"पाखरांना मोजता येत नाही," साहेबांनी मला समजावलं.

"मलेही नाही येत जी."

साहेब फार हसले.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं आत गेलो, मी बाहेर आलो. पाखरं वर घिरट्याच घालत राहिली. दुसऱ्या दिवशी रेंजर साहेबांनाही नेलं. तिघं आत, दोघं बाहेर. तरी तेच. शेवटी साहेबही बाहेर आले. खोपटं रिकामं ठेवून आम्ही तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. दुपार झाली, उन्ह कललं. एक पाखरू उतरलं नाही.

साहेब आता हसत नव्हते. "मघाशी आत आपण किती जण होतो?" त्यांनी विचारलं. मला!

*

शहापूरकडून एका शाळेची सहल आली होती. त्यांच्या बाई थोडा वेळ एकट्याच खोपट्यात बसल्या. बाहेर आल्या त्या माझ्यावर रागावतच.

"तुमच्या आतल्या माणसाला कोरडं धोतर द्या हो. बिचारा नुसता निथळतोय. मला जागा द्यायला सरकला, तर खालचं गवतसुद्धा ओलं!"

बाई गेल्यावर मी आत पाहिलं. माणूस नव्हता. गवत ओलं होतं.

सोमाजी तिथंच उभा होता. त्यानं हातातला विळा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो घरून धोतर घेऊन आला. नवं, घडी न मोडलेलं.

*

होळी तोंडावर आली होती. धोतर घेऊन सोमाजी भर सकाळी एकटाच खोपट्यात गेला. मी आणि अभ्यासवाले साहेब पाळीवर बसलो होतो. साहेब कुरकुरले, की एकटाच गेला, आता तो बाहेर आल्याशिवाय काही उतरत नाही.

पाखरं वर फिरत होती. उन्ह चढलं. आणि एकाएकी सारा थवा खाली आला. काठभर बदकं बसली. फक्त खोपट्याच्या दारापासून पाण्यापर्यंत एक पट्टा मोकळा राहिला, माणूस चालून जाईल एवढा. दोन्ही बाजूंची बदकं अंग चोरून बसलेली. मग पाण्याच्या कडेला लहर उठली, आत आत गेली. त्यानंतर तो पट्टाही भरला.

साहेबांनी दुर्बीण खाली केली. "कोण बाहेर आलं?"

"सोमाजी आतच हाय जी," मी म्हटलं.

बऱ्याच वेळानं सोमाजी निघाला. तेव्हा कुठं बदकं उडाली. त्याचे हात रिकामे होते. आत काय करत होतास, असं साहेबांनी विचारलं.

"काही नाही जी. लेकराइचं सांगत होतो त्याले."

तो थेट नावेकडं गेला. दोर सोडला आणि वल्हं पाण्यात घातलं.

मी खोपट्यात जाऊन पाहिलं. गवत वाळलेलं होतं. धोतर नव्हतं.