ग्रह कुठून आले?

राधाकिशन मास्तर कशावरही भडकत. एसटी उशिरा आली की ड्रायव्हरवर भडकत आणि वेळेवर आली की उशिरा पोचणाऱ्या प्रवाशांवर. खडू ओला निघाला, पोराचं नाक वाहिलं, कुणी 'चालतंय की' म्हणालं, एवढ्यावरही त्यांचं टाळकं सणकायचं. बायको छबुबाई म्हणायची, "हे चहासुद्धा आधी रागवून मग पितात." पण शिरूर कासारच्या अलीकडच्या त्या गावात चाळिशीच्या आतला एकही शिकलेला माणूस असा नव्हता, ज्याचा कान मास्तरांच्या चिमटीत सापडला नव्हता. त्यामुळं त्यांच्या रागाला गावात एक मान होता. दुकानदाराच्या रागाला तो नसतो.

शाळा एका खोलीची. चार वर्ग, मास्तर एक. एका वर्गाला गणित घातलं की दुसऱ्याला पाढे, तिसऱ्याला शुद्धलेखन. यातून मास्तरांनी आपली एक रीत बसवली होती. उत्तर एकेकाला विचारत बसायला वेळ कुठला? प्रश्न त्यांनी टाकायचा आणि अख्ख्या वर्गानं एका सुरात उत्तर द्यायचं. बेंबीच्या देठापासून द्यायचं. आवाज बारीक आला तर परत. साहेब तपासणीला आले की शाळा दणाणून जायची आणि साहेब खूश होऊन शेरा लिहून जायचे.

त्यात मास्तरांचा सगळ्यात लाडका धडा सूर्यमालेचा. त्या दिवशी ते घरून भाकरीच्या पिठाचा गोळा घेऊन यायचे. गोळा उंच धरायचे. "हा सूर्य! एकटा! पोर ना बाळ! आणि मग काय झालं? शेजारून एक दांडगा तारा गेला. त्याची ओढ लागली." मग ते दुसऱ्या हातानं गोळ्याला ओढ देत. ज्वारीचं पीठ ते, ताणलं जायच्या आधीच त्याचा लचका तुटायचा. त्या लचक्याच्या गोळ्या वळून मास्तर टेबलावर मांडायचे. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ.

"ग्रह कुठून आले?"

"सूर्यातून!"

"मग सूर्य ग्रहांचा कोण?"

"बाप!"

कौलावरची कबुतरं उडून जायची. मास्तरांचा चेहरा तेवढा वेळ शांत दिसायचा.

त्याच वर्गात पुढच्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं 'बाप' म्हणणारा एक पोरगा पुढं सुंदरराव झाला. मळा झाला, जीप आली, साखर कारखान्यावर संचालक झाला आणि गावच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेचा चेअरमन तर पहिल्यापासून तोच. संस्था म्हणजे काय, तर माळाखालचा तलाव, त्यावरची मोटार आणि मोटारीपासून रानात गेलेली पाइपलाइन. तलावाची जागा धनगरांची. म्हाळू धनगरानं आपला चराईचा माळ दिला, बदल्यात त्याचं नाव सभासदांत लागलं. बांधाची माती गावानं वाहिली. बायांनी पाट्या टाकल्या, ज्यांना ऊसतोडीला जायचं होतं त्यांनी जायच्या आधी आपला वाटा उपसून दिला. सुंदररावानं काय दिलं? सुंदररावानं तालुक्याला खेटे घातले, सह्या आणल्या, नारळ फोडला. हेही काम असतं, मास्तर नाही म्हणत नव्हते. पण दर सभेत सुंदरराव उभा राहून म्हणायचा, "गुरुजींनीच शिकवलंय आपल्याला. सूर्यातून ग्रह निघाले. तशी ही संस्था माझ्यातून निघाली." लोक टाळ्या वाजवायचे. मास्तरांनाही, खोटं कशाला बोला, बरं वाटायचं.

मग शहाऐंशीचा दुष्काळ आला. त्याच्या आदलं सालही कोरडंच गेलं होतं. विहिरींचे तळ दिसले, गावच्या आडात पोहरा दगडावर वाजायला लागला. पाणी राहिलं ते तलावात, मधल्या खळग्यात. माणसं तिथूनच घागरी भरायची, खालच्या अंगाला धनगरांची मेंढरं तोंड लावायची. पुढचा पाऊस येईपर्यंत त्यावरच निभवायचं होतं.

त्याच दिवसांत मास्तरांना अंबाजोगाईला प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. तिथं कॉलेजातली एक शिडशिडीत बाई भूगोल सांगायला उभी राहिली. तिनं अगदी सहज, पदराला हात पुसत सांगितलं, की तारा शेजारून गेला आणि सूर्याचा लचका तुटला हे मत शास्त्रज्ञांनी केव्हाच सोडून दिलंय. आता मानतात ते असं, की आधी सूर्यही नव्हता आणि ग्रहही नव्हते. वायूचा आणि धुळीचा एक अफाट ढग होता. तो आपल्याच वजनानं आत ढासळायला लागला, गरगर फिरायला लागला. जवळजवळ सगळा माल मधे गोळा झाला, त्याचा सूर्य झाला. कडेला जे काही चिमूटभर फिरत राहिलं, त्याचे ग्रह झाले.

मास्तर ताडकन उभे राहिले. "बाई, हे केव्हा ठरलं?"

"बरीच वर्षं झाली, गुरुजी."

"मग आम्हाला कावून सांगितलं न्हाई कुणी? इतकी वर्षं मी पोरांकडून खोटं वदवून घेतलं, ते कुणाच्या खात्यावर टाकू?"

बाई म्हणाली, तेव्हाच्या पुस्तकात तेच होतं, तुमचा काय दोष. मास्तरांना दोष नकोच होता. त्यांना भांडायला माणूस हवा होता आणि तो सापडत नव्हता.

परतीच्या एसटीत ते खिडकीला कपाळ टेकवून बसले आणि स्वतःशीच चरफडत राहिले. बाहेर उघड्या रानात वावटळ उठली होती. पाचोळा, धूळ, चिंध्या, सगळं एकाच जागी गरगरत होतं. ते बघता बघता त्यांच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली आणि रागाचं तोंडच फिरलं. सूर्य ग्रहांचा बाप नव्हेच. माल सगळ्यांचा एकच होता. एक जण मधोमध बसला आणि त्यानं शिगोशीग पोतं आपल्याकडं ओढलं. बाकीच्यांना मूठभर उरलं, आणि वर त्यांनी त्याच्याभोवती फिरायचं! आणि त्याला बाप म्हणायला त्या बाकीच्यांना शिकवलं कुणी? राधाकिशन मास्तरांनी. पिठाचा गोळा दाखवून.

संस्थेची सर्वसाधारण सभा त्याच आठवड्यात होती, शाळेतच, कारण गावात तेवढी मोठी दुसरी जागा नव्हती. सभासद त्यांच्या लहानपणच्याच तरटपट्ट्यांवर मांड्या घालून बसायचे. ठराव वाचायचं काम मास्तरांचं, आवाज खणखणीत म्हणून. तेही दरसालची रीत झालेली. मास्तरांनी ओळ वाचायची, शेवटी 'मंजूर?' म्हणायचं आणि सभेनं एका सुरात 'मंजूर!' म्हणायचं. मागं कढईत भजी तळायला घेतलेली असायची, त्यामुळं सूर आणखी जोरात लागायचा. कुठला ठराव कशाचा, हे मास्तरांनीही कधी मनावर घेतलं नव्हतं. ते पाढ्यासारखं वाचायचे.

सुंदररावानं भाषण सुरू केलं. दुष्काळ लई मोठा हाय, पर घाबरायचं न्हाई. कारखाना जगला तर गाव जगंल. आणि मग नेहमीचं, "गुरुजींनी शिकवलंय आपल्याला..."

"चूक!" मास्तर ओरडले.

सुंदररावाचा हात वरच राहिला.

"चूक शिकवलं मी. सूर्यातून ग्रह निघाले न्हाईत. सूर्य कुणाचा बाप न्हाई." मास्तर उठले, तरातरा फळ्याशी गेले आणि खडूनं एक मोठा भोवरा काढला. "हा ढग. सगळ्यांचा. ह्यातलाच सूर्य, ह्यातलेच ग्रह. हा मधी बसला म्हणून ह्याला जास्ती मिळालं. बाप म्हणून न्हाई, मधी बसला म्हणून! कळलं का काही?"

 खडू मास्तरांच्या बोटात मोडला होता. सुंदरराव क्षणभर बिचकला, मग त्याला हसू फुटलं. तो सभेकडं वळून म्हणाला, "गुरुजींचा नवा सिद्धांत. मंजूर?"

"मंजूर!" सभा गरजली.

मास्तरांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. एवढा अपमान त्यांचा उभ्या जन्मात झाला नव्हता, आणि करणाऱ्यांना तो केल्याचं ठाऊकही नव्हतं. ते सगळे मनापासून हसत होते. सुंदररावानं ठरावांचा कागद त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी आज पहिल्यांदाच तो आधी मनात वाचला. हिशेब, आभार, नेमणुका. आणि शेवटी, तलावात शिल्लक असलेलं पाणी संस्थेच्या बेणेमळ्यास देण्याबाबत. बेणेमळा म्हणजे बियाण्याच्या उसाचा मळा. तो नावाला संस्थेचा होता, रान सुंदररावाचं होतं.

"हे मी वाचणार न्हाई," मास्तर म्हणाले.

"राहू द्या गुरुजी, घसा बसला आसंल तुमचा." सुंदररावानं कागद हळूच काढून घेतला. "सगळे विषय, शेवटचा बी, वाचले आसं समजून मंजूर?"

"मंजूर!"

मागून कुणीतरी भजी आणा रे म्हणालं. लोक उठायला लागले.

"काय मंजूर?"

आवाज दाराशी बसलेल्या सारजाबाईचा होता. म्हाळू धनगराची ही बायको. म्हाळू गेल्यावर सभासदाच्या जागी तिचं नाव लागलं होतं. मेंढरामागं जन्म गेलेला, शाळेत आजवर ती फक्त सभेपुरती आली होती, आणि सभेतही कधी तोंड उघडलं नव्हतं. "आं? कुणी वाचलंच न्हाई, तर मंजूर काय केलं बाबांनो तुमी?"

"पाण्याचा इषय हाय मावशी," सुंदरराव म्हणाला. "झालाय तो."

"पानी? मग मी न्हाई म्हनते."

"आता सगळी सभा हो म्हणली."

"सभा म्हनली आसंल. मी न्हाई म्हनते."

मास्तर तिच्याकडं बघतच राहिले. अख्ख्या खोलीत वेगळं बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते त्यांच्या हाताखालून गेलेलं नव्हतं. हे त्यांना असं झोंबलं की इतका वेळ सुंदररावावर साठलेला सगळा राग उलटून त्यांच्याच छाताडावर बसला. त्यांनी सुंदररावाच्या हातातून कागद हिसकला आणि तो ठराव ओरडून वाचला, एकेक शब्द तोडून. तलावात. शिल्लक. असलेलं. पाणी. मग म्हणाले, "आता कुणी एका सुरात बोललं तर थोबाड फोडीन. एकेकानं सांगायचं. सटवा, ऊठ."

सटवा उठला. चाळिशीला टेकलेला गडी, दसरा झाला की जोडीनं कोयता घेऊन तोडीला जाणारा. म्हातारी आणि लेकरं मागं गावात राहणार, त्याच तलावाच्या पाण्यावर. त्यानं सुंदररावाकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं, पायाच्या अंगठ्यानं तरटपट्टी उकरली आणि बारीक आवाजात विचारलं, "गुरुजी, काय म्हणू?"

मास्तरांना वाटलं, हा प्रश्न ऐकण्यापेक्षा कानफटात बसलेली बरी. त्याला दोन शिव्या हासडाव्या आणि 'न्हाई म्हण' असं सांगून मोकळं व्हावं, जिभेवर आलंही होतं. सटवा म्हणालाही असता. सगळेच म्हणाले असते, एका सुरात.

"सांगणार न्हाई," ते म्हणाले.  "उत्तर येईस्तोवर उभा राहा."

"बस रे सटवा, काय पोरखेळ हाय!" सुंदरराव डाफरला.

सटवा बसला नाही.  भज्यांचं ताट दारात आलं आणि तिथंच थांबलं.  सटवाच्या मानेवर घाम आला होता. मग तो जमिनीकडं बघूनच म्हणाला, "माजी म्हातारी पानी कुठून आनंल? न्हाई."

"बद्रीनाथ."

बद्रीनाथ सुंदररावाचा चुलतभाऊ. तो उठला, मास्तरांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, "मंजूर. ऊस जळाला तर मी मेलो." मास्तर त्याच्यावरही खवळले, पण आतून त्यांना एक विचित्र समाधान वाटलं. उत्तर चुकीचं होतं, पण ते बद्रीनाथचं स्वतःचं होतं.

पुढं एकेक जण उठत गेला. हजेरी मास्तरांना तोंडपाठ होती. कुणी 'मंजूर' म्हणालं, कुणी 'न्हाई', एक जण रडला. पण नकार जास्त भरले, चांगले जास्त, आणि सुंदरराव मधेच उठून जीप सुरू करून निघून गेला. मोटार त्या दिवशी सुरू झाली नाही. सारजाबाई गार झालेली भजी पदरात बांधून मेंढरांकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत आले तेव्हा खिडकीतून तलाव दिसत होता. काठावर बाया घागरी भरत होत्या, खालच्या अंगाला मेंढरं होती. फळ्यावर कालचा भोवरा तसाच होता. त्यांनी तो पुसला नाही. ते वळले आणि चारी वर्गांकडं बघून म्हणाले, "ग्रह कुठून आले?"

गावात रात्रभर चर्चा झालेली. पोरांना उत्तर ठाऊक होतं. छाती फुगवून, बेंबीच्या देठापासून सगळी एकदम ओरडली,

"ढगातून!"

कौलावरची कबुतरं उडाली. राधाकिशन मास्तरांनी डस्टर उचलला आणि टेबलावर असा आपटला की खडूची धूळ त्यांच्या मिशांवर येऊन बसली.

"एकेकानं!" ते गरजले. "एकेकानं सांगा, मेल्यांनो!"