गाईच्या मानेवरची गाठ

आमच्या पालकारम्माच्या गाईला कसलाही रोग झालेला नव्हता. तो मी तिला लावला, तोही एका सकाळी चार ओळी आणि एक फोटो टाकून. ही हकीकत मी नेहमी गमतीने सुरू करतो आणि मग बायको म्हणते, "आधी तुम्ही काय केलंत ते सांगा." म्हणून या वेळी ते आधीच सांगून टाकलं.

पालकारम्मा म्हणजे दूधवाली. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या ज्या आडगल्लीत आम्ही राहतो, तिच्या एका टोकाला काचेच्या ऑफिसांची रांग आहे आणि दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये पालकारम्माच्या तीन गाई. आमची इमारत जुनी, तीन मजली, अठरा बिऱ्हाडांची. पिशवीचं दूध कोपऱ्यावर मिळतं, पण आमच्याकडची माणसं कॉफीच्या बाबतीत हट्टी आहेत. पिशवीच्या दुधाची कॉफी पाहुण्याला दिली तर पाहुणा परत येत नाही, असं तळमजल्यावरचे पाट्टी-तात्ता, म्हणजे आजी-आजोबा, अगदी गंभीरपणे सांगतात. त्यामुळे रोज पहाटे पालकारम्मा कॅन घेऊन जिना चढायची आणि अठरापैकी पंधरा दारांत तिच्या मापाचा आवाज यायचा.

मी मूळचा सांगलीकडचा. पंचवीस वर्षांपूर्वी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागलो आणि इथलाच झालो. माझं काम तपासणी विभागात, म्हणजे दुसऱ्याच्या मालातली खोट काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बायको तंजावरकडच्या मराठी घरातली, जन्म चेन्नईतला. तिचं मराठी जुन्या वळणाचं आणि निम्मं तमिळ. इथे मी ते सरळ करून लिहितो आहे, ते तिला आवडणार नाही.

करोनाच्या दिवसांत घरी बसून मला लशींचा इतिहास वाचायचा नाद लागला. पहिल्यांदा भीतीपोटी वाचत होतो, मग गोडीने वाचू लागलो. गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने भाषण करा म्हटल्यावर मी दोन महिने तयारी केली. धार काढणाऱ्या बायकांच्या हातांवर गाईच्या देवीचे फोड येऊन जातात आणि मग त्यांना माणसांची देवी येत नाही, हे परदेशातल्या खेड्यांतल्या लोकांना आधीपासून कसं ठाऊक होतं, ते सांगितलं. बर्फाची पेटी नव्हती तेव्हा ती लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी प्रवास करत आपल्याकडे कशी पोचली, ते सांगितलं. आपण त्या रोगाला देवी म्हणतो आणि तमिळ माणूस अम्मै म्हणतो, दोघांनीही भीतीपोटी त्याला घरातलंच नातं लावलं, हेही सांगितलं. मग जनावरांकडे वळलो. पिसाळलेल्या कुत्र्याची लस, कोंबड्यांची, मेंढ्यांची आणि शेवटी बुळकांडी. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग लशीने जगातून गेला. देवीनंतर माणसाने संपवलेला तो दुसरा रोग. "गाईने माणसाला लस दिली आणि माणसाने ती गाईला परत केली," हे वाक्य मी घरी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं. त्यावर टाळ्या पडल्या.

सगळ्यांत जास्त हशा मात्र शिंगांना मिळाला. गाईची लस टोचून घेतली तर डोक्याला शिंगं फुटतील, अशी भीती त्या काळी लोकांना वाटायची. हे सांगताना मी दोन बोटं कपाळाला लावून मंचावर चार पावलं चाललो. लोक हसून हसून वाकले. मीही हसलो. न बघता न विचारता घाबरणाऱ्या माणसांची मी मनापासून कीव केली.

त्यानंतर बाराव्या दिवशी, सकाळी फिरायला जाताना, पालकारम्माची तांबडी गाय शेडबाहेर बांधलेली दिसली. तिच्या मानेवर लिंबाएवढी गाठ होती. त्या दिवसांत गुरांच्या लम्पी रोगाच्या बातम्या येत होत्या, अंगावर गाठी येतात हे मी वाचलेलं होतं. पालकारम्मा आत चारा टाकत होती, माझ्यापासून दहा पावलांवर. मी तिला हाक मारली नाही. फोटो काढला, घरी येऊन इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की गाईला लम्पीची लक्षणं दिसतात, खात्री होईपर्यंत कुणी दूध घेऊ नये. शेवटी "शास्त्रीय माहितीच्या आधारे" असंही जोडलं. लम्पी माणसाला होत नाही आणि उकळलेलं दूध चालतं, हेही त्याच शास्त्रीय माहितीत होतं, पण ते पान मी वाचलेलं नव्हतं.

लशींवर भाषण देणारा माणूस सांगतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? तासाभरात पंधरा अंगठे आले आणि दोन हात जोडलेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंथरुणात पडून जिन्यावरचे आवाज ऐकत होतो. दार उघडायचं, "वेण्डाम, अम्मा," म्हणजे नको, आणि दार बंद. पुन्हा दार, पुन्हा वेण्डाम. आमच्या दाराशी ती आली तेव्हा बायकोने दूध घेतलं. मग आत येऊन मला म्हणाली, "मी घेतलं. तुम्ही पिऊ नका, शास्त्रीय माहिती आहे तुमच्याकडे."

तिसऱ्या दिवशी दहा वाजता पालकारम्मा परत आली. कॅन नव्हता, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं एक कार्ड होतं. ती माझ्याच वयाची, आवाज खणखणीत, पण त्या दिवशी ती दारातच उभी राहिली.

"सार, तुम्ही वाचणारे. कुणीतरी फोनवर माझ्या गाईबद्दल काहीतरी लिहिलंय. कोण ते कुणी सांगत नाही. विचारलं की म्हणतात, ग्रुपवर आलं. हा ग्रुप कुठल्या मजल्यावर राहतो, सार?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"काय लिहिलंय?" मी विचारलं. मी, स्वतः, हे विचारलं.

"रोग आहे म्हणे. हे बघा, सरकारी डॉक्टरने लिहून दिलंय." तिने कार्ड पुढे केलं. तारीख, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर, खाली सही. "तिन्ही गाईंना लस टोचली. डॉक्टर म्हणाले, कुठल्या तरी एकीला टोचल्या जागी गाठ येईल, घाबरू नको, आपोआप बसेल. तांबडीला आली. तिचं कातडंच नाजूक."

"लम्पीची लस?"

"शेळीची, सार. शेळीच्या देवीची. मी म्हटलं, डॉक्टर, गाईला शेळीची कशाला? ते म्हणाले, दोन्ही रोग एका घरातले, बहिणी-बहिणी. एकीला ओळखलं की दुसरीही ओळखू येते."

मी ते कार्ड धरून उभा राहिलो. दोन महिने मी जे पाठ केलं होतं, तेच ही बाई दोन वाक्यांत मला सांगत होती. गाईची देवी माणसाला वाचवते, शेळीची देवी गाईला वाचवते. माझ्या स्वतःच्या दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीचे वण आहेत, तेव्हा तो दंड सुजला होता आणि आईने मला आठवडाभर मांडीवर घेऊन झोपवलं होतं. टोचल्या जागी सूज येते, हे मला सांगायला पुस्तक नको होतं.

"तुम्ही इंग्रजीत चार ओळी लिहा ना, सार," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील. रविवारी माझा भाऊ टेम्पो घेऊन येतोय तिरुवळ्ळूरहून. दारं उघडली नाहीत तर तांबडीला त्याच्याकडे पाठवीन. इथे दूध ओतून देण्यापेक्षा तिकडे तरी तिला कुणी नावं ठेवणार नाही."

मी म्हणालो, "बघतो काय करता येतं ते."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "मंडळात बोटं लावून शिंगं दाखवलीत ना? आता जरा कपाळावरून हात फिरवून बघा."

मी लगेच लिहायला हवं होतं. पण पुढच्या महिन्यात एका शाळेत तेच भाषण ठरलं होतं, आणि ग्रुपमधल्या तिघांची मुलं त्याच शाळेत जातात. मी चुकलो असं लिहायला बोट उचलेना. त्या संध्याकाळी मी लिहिलं, "गाठ कमी होत असल्याचे समजते." कुणाकडून समजते ते लिहिलं नाही. यावर एकच अंगठा आला, तोही वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा, आणि ते सगळ्यालाच अंगठा देतात.

मग मी दुसरा मार्ग काढला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे मीच दारात उभा राहून चार लिटर दूध घेऊ लागलो. घरात माणसं दोन. पहिल्या दिवशी बासुंदी झाली, दुसऱ्या दिवशी खवा, तिसऱ्या दिवशी दह्याची तीन पातेली. दुपारी ताक, रात्री ताकाची कढी. ऑफिसात मी डब्यातून पनीर नेलं आणि सहकाऱ्यांनी विचारलं की घरी काही कार्य आहे का. माझ्या पोटात गुरगुरायला लागलं. रात्री जेवताना बायकोने बासुंदीची वाटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "प्रायश्चित्त करायचं तर तोंडाने करा. पोटाने कशाला करता?"

शनिवारी संध्याकाळी मी तिच्यासमोर बसून तमिळ वाक्यं पाठ केली. माझं तमिळ रिक्षापुरतं आणि कारखान्यापुरतं आहे. माफी मागायचं तमिळ मला पंचवीस वर्षांत लागलंच नव्हतं. बायकोने ते मला आठ वेळा म्हणायला लावलं आणि प्रत्येक वेळी म्हणाली, "हुकूम सोडल्यासारखं नको."

रविवारी सकाळी शेडपाशी गेलो तेव्हा टेम्पो आलेला होता. भाऊ फाळका उघडून उभा होता आणि तांबडी टेम्पोत चढायला तयार नव्हती. मी सरळ पालकारम्मासमोर गेलो आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं, "ते मी लिहिलं."

तिने दोर भावाच्या हातात दिला. मग म्हणाली, "आठवडा झाला, सार. रोज चार लिटर घेत होतात ते यासाठी?"

"हो."

"मला वाटलं घरी लग्न आहे." ती हसली नाही. मी फोन काढला आणि आत्ताच ग्रुपवर लिहितो म्हणालो. तिने हाताने थांबवलं. "फोन नको. फोनवर तुम्ही बोलता आणि मला ऐकू येत नाही. कॅन उचला. दारादारावर चला."

कॅन जड होता. आम्ही तळमजल्यापासून सुरुवात केली. पाट्टीने दार उघडलं, मला कॅनसकट बघून चष्मा नीट केला. मी म्हणालो, "पाट्टी, गाय आता बरी आहे."

"आता?" मागून पालकारम्मा म्हणाली. "बिघडली कधी होती?"

मी पुन्हा सुरुवात केली. गाय आजारी नव्हती, लशीची गाठ होती, डॉक्टरचं कार्ड आहे, मी न विचारता लिहिलं. पाट्टीने कार्ड मागितलं, तात्तांना बोलावून मोठ्याने वाचून घेतलं. तात्ता म्हणाले, त्यांच्या लहानपणी देवी टोचणारा माणूस गल्लीत आला की त्यांची आई त्यांना तांदळाच्या पिंपामागे लपवायची. "आणि लपवायला तिला कुणी सांगायचं माहितीये? शेजारचा मास्तर. शिकलेला होता." एवढं बोलून त्यांनी पातेलं पुढे केलं.

दुसऱ्या मजल्यावर एका बाईने दूध घेतलं आणि विचारलं की मग शाळेतल्या भाषणात हेही सांगणार का. मी हो म्हणालो. कपाळाला घाम आला होता, पण हो म्हणालो. तिसऱ्या मजल्यावर दोन घरं म्हणाली, आता पिशवीची सवय झाली, पुढच्या महिन्यापासून बघू. तिथेही मी तेच सांगितलं. तोवर माझं तमिळ बरंच सुधारलं होतं. अंगठेवाल्या आजोबांनी मला आत बोलावून बसवलं, कॉफी केली आणि पालकारम्माला म्हणाले, "यांना आठवड्यातून एकदा पाठवत जा, जिना चढून माणूस सरळ होतो."

पंधरा दारांपैकी बारांनी पातेली पुढे केली. खाली आलो तेव्हा भावाने टेम्पोचा फाळका लावला होता आणि तांबडी शेडच्या सावलीत कडबा चघळत होती. तिच्या मानेवरची गाठ आता सुपारीएवढीच उरली होती. पालकारम्माने रिकामा कॅन माझ्या हातातून घेतला आणि नळाखाली धरला. गाई सोडल्या तर शेडमध्ये आम्ही दोघंच होतो, आणि ज्या वाक्यासाठी मी शनिवारी संध्याकाळभर बसलो होतो ते अजून मी तिला म्हटलं नव्हतं. दारोदार मी लोकांना खरं काय ते सांगत फिरलो होतो, तिला काहीच म्हणालो नव्हतो. मी नळ बंद केला, कारण पाण्याच्या आवाजात ते ऐकू जाणार नाही असं वाटलं, आणि म्हणालो, "अम्मा, तुम्ही दहा पावलांवर होतात आणि मी तुम्हाला विचारलं नाही. नंतर तुम्ही माझ्या दारात येऊन विचारलंत, तेव्हाही मी खोटं बोललो. मला माफ करा."